बाजेवरून उठवणारी माणसं

12 नोव्हेंबर

डाव्या पायाखाली काय आहे ते आता न बघता थोडंफार कळतं. अंगणातला मुरूम, ओसरीची फरशी, गोठ्यापुढची ओल, यांतला फरक तळव्याला जाणवायला लागला आहे. मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या धांदलीत लकवा मारला तेव्हा हा पाय अंगाला नुसता जोडलेला होता. ताकद नव्हती हे तर झालंच, पण तो पाय आपला आहे याचीच आठवण राहत नसे. बाजेवरून खाली लोंबत राहायचा आणि मला पत्ता नसायचा. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच उरायची आणि मी म्हणायची, भाजी वाढलीच नाही. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा.

सेवाग्रामच्या डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं होतं. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला. ती बाजू डावं अंग चालवते आणि डावीकडे लक्षही तीच ठेवते. म्हणून घरच्यांनी माझ्याशी बोलायला डावीकडेच बसायचं, म्हणजे मान तिकडे वळेल. वाचा आणि उजवा हात शाबूत राहिले, म्हणून ही वही लिहिता येते.

पहाटे जाग आली तेव्हाच अंग गेलेलं होतं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझा त्रास झोपेत कधी सुरू झाला ते कोणाला ठाऊक? 108 ची गाडी आली, सीटी स्कॅन झालं, रक्तस्राव नाही, गुठळी आहे हे कळलं, पण इंजेक्शन देता आलं नाही. त्याचा मी फार विचार करत बसत नाही.

घरी आणलं तेव्हा अर्धं गाव भेटून गेलं. मोठ्या जाऊबाई उशाशी बसून केसांवरून हात फिरवायच्या. "आता उठाचं नाव काढू नको वं, आमी हावो ना," म्हणायच्या. त्यांची माया खरी आहे, चाळीस वर्षांची आहे. कोणी पाणी तोंडाला लावायचं, कोणी पाय चेपायचं, कोणी कूस बदलून द्यायचं. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एकीनं कुठल्याशा गावी गंडा बांधून मिळतो म्हणून निरोप धाडला. सुनेनं सगळ्यांना चहा दिला, कोणाला उलट बोलली नाही, आणि त्यातलं काहीही केलं नाही.

मग सगळे गेले की ती यायची. "आई, उठा."

तिनं दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मुलीकडून एकेक गोष्ट नीट पाहून घेतली होती. घरी आल्यावर तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं ते बाजेचं. सुतळीच्या बाजेला झोळ पडतो. माणूस कडेला बसलं की कंबर खाली आणि गुडघे वर येतात. तिथून धडधाकट म्हातारं माणूससुद्धा हाताला धरल्याशिवाय उठत नाही, तिथं माझी काय कथा! तिनं बाज गोठ्यात नेऊन उभी केली आणि माझ्यासाठी लाकडी पलंग पायांखाली विटा घालून उंच केला. उंचावरून उठणं सोपं. पाय भार धरायला लागला तशी एकेक वीट काढत गेली.

उठायची रीत अशी, आणि ही मी मुद्दाम लिहून ठेवते. डावा पाय उजव्यापेक्षा जरा मागे घ्यायचा, म्हणजे भार त्याच्यावर यावाच लागतो. दोन्ही टाचा टेकलेल्या हव्यात. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून उभं राहायचं. मागे रेलून उठायला गेलं तर उजवाच पाय सगळं ओढतो आणि डावा काही शिकत नाही. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. त्याच्या आसपासचे भाग ते काम शिकतात, पण हजारदा केल्याशिवाय शिकत नाहीत. जेवणाआधी उठबस, जेवणानंतर उठबस. मी रडायची. ती थांबायची, डोळे पुसून द्यायची आणि पुन्हा "उठा."

आणखी एक गोष्ट तिनं घरात सगळ्यांना बजावली. डावा हात धरून मला कोणीही ओढायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, ओढलं तर सांधा खाली सरकतो आणि ते दुखणं पाय सुधारला तरी सुटत नाही. गावात माणूस उठवायचा म्हणजे बखोटीला धरायचं, हीच सवय. तिनं माझ्या कमरेला दुपट्टा घट्ट बांधला. धरायचं ते तिथं, आणि उभं राहायचं माझ्या डाव्या अंगाला.

15 नोव्हेंबर

आज थंडी जास्त आहे. डावी पोटरी सकाळी लाकूड झालेली असते. पलंगावरच टाच धरून पंजा हळूहळू वर दाबून धरावा लागतो. झटका दिला तर ती आणखी ताठरते.

पंजा अजून पूर्ण उचलत नाही. बोटं जमिनीला घासतात, म्हणून अख्खा पाय विळा फिरवल्यासारखा बाहेरून गोल येतो. त्यासाठी टाचेमागून येणारी प्लास्टिकची पट्टी दिली आहे. ती बुटात घालायची असते. बुटाशिवाय ती फरशीवर सटकते. दवाखान्यात हे सोपं होतं, तिथं सगळेच पायात घालून फिरतात. आमच्याकडे दारातच चप्पल काढायची, आणि देवघर माजघरात. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार माझ्याच मनात पहिल्यांदा आला. शेवटी यांनी वर्ध्याहून बुटांची आणखी एक जोडी आणली, ती उंबऱ्याच्या आतच राहते. देवघरापाशी मी अजूनही थबकते, लांबूनच हात जोडते.

पातळाचंही तसंच. निऱ्या डाव्या पायाखाली येतात आणि माणूस तोंडावर पडतं. आता गाऊन घालते, वरून दुपट्टा. पहिल्यांदा तशी गल्लीत निघाले तेव्हा बाया बघत होत्या. बघोत. पडून खुब्याचं हाड मोडलं तर यातलं कोणी माझं चालणं परत आणून देणार नाही.

16 नोव्हेंबर

आज धुऱ्यापर्यंत गेले आणि पुढे वावरातही गेले.

आमचं वावर गावाला लागूनच आहे, पण काळ्या मातीचं. पावसाळ्यात तिथं जायचा विचारही करता येत नव्हता, चिखल बुटाला धरतो आणि आधीच जड असलेला पाय आणखी जड होतो. आता जमीन वाळून भेगा पडायला लागल्या आहेत, ढेकळं आहेत. काठी उजव्या हातात. आधी काठी, मग डावा, मग उजवा. काठीचं टोक भेगेत जातं, म्हणून आधी ते टेकवून दाबून बघायचं. सपाट फरशीवर पाय एकाच तऱ्हेनं पडतो, इथं प्रत्येक पावलाला घोटा निराळा वळतो. दमायला झालं, पण ज्या जमिनीवर जन्म काढायचा तिच्यावरच शिकायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दवाखान्याच्या दांड्यांमधलं चालणं ही सुरुवात होती.

कापसाची वेचणी चालू आहे. बायांनी मला पाहिलं आणि एकच गलका झाला. "काकू, बसा! काकू, हे पोतं घ्या!" तिघी पोतं अंथरायला धावल्या. मी म्हटलं, बसायला नाही आले.

पऱ्हाटीच्या ओळीत दोन्ही पायांत अंतर ठेवून उभी राहिले. सून मागे, कमरेच्या दुपट्ट्याला हात. काठी तिच्याकडे दिली आणि उजव्या हातानं बोंडं वेचायला लागले. डावीकडच्या झाडाचं बोंड घ्यायचं तर अंग डावीकडे झुकवावं लागतं आणि सगळा भार डाव्या पायावर जातो. फिजिओची मुलगी हाच व्यायाम करून घ्यायची, स्टुलावरचे पेले एका बाजूचे दुसऱ्या बाजूला ठेवायला लावून. इथं पेल्याच्या जागी कापूस. गुडघा थरथरला, पण मुडपला नाही.

थोडं पुढे सरकले तर सून म्हणाली, "आई, डावीकडं राहिलं." वळून पाहिलं. उजवीकडची झाडं स्वच्छ वेचलेली, डावीकडे फुटलेली बोंडं तशीच पांढरीशुभ्र. मला ती दिसलीच नव्हती. मी मान पूर्ण वळवून ती सगळी वेचली.

17 नोव्हेंबर

काल रात्री निरोप आला, खालच्या आळीतल्या भाऊजींना लकवा मारला होता, त्यांना दवाखान्यातून घरी आणलं आहे. त्यांचंही डावंच अंग. बीपीची गोळी बरं वाटतं म्हणून त्यांनी मधेच सोडली होती, असं कळलं.

मुलानं मागे एक गोष्ट वाचून दाखवली होती ती आठवली. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं तिकडच्या 86 गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, तेव्हा सातातला एक मृत्यू लकव्यानं झालेला निघाला, इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. 2015 मध्ये ते छापून आलं. मेलेल्यांची निदान मोजणी झाली. जे जगले आणि बाजेवरच राहिले, त्यांचं काय? आमच्या गावातलेच किती मला आठवतात. त्यांची हेळसांड कोणी केली नव्हती. त्यांना वेळेवर भरवलं, न्हाऊ घातलं, वारा घातला, आणि कोणी उठवलंच नाही. पाय आखडत गेले, पाठीला जखमा झाल्या. मला याचं फार वाईट वाटतं.

सकाळी सुनेला म्हटलं, आपण जाऊन येऊ. त्यांच्याकडे ओसरीला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही. चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, हे मला जमतं. दुपट्टा सोबत घ्यायचा. भाऊजींना उभं करायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे का, ते आधी वहिनींना विचारायचं. दिली असेल तर त्यांची बाज बघायची. आमच्या विटा आता मोकळ्याच आहेत, मुलाच्या गाडीवर पाठवून देते.