रशमोर तासाभरात होतं, वूंडेड नीसाठी अर्धा दिवस ठेवा

अमेरिकेतल्या साउथ डकोटाला जाणारे आपले बहुतेक लोक माउंट रशमोरसमोर फोटो काढतात, बॅडलँड्समधून गाडी फिरवतात आणि परततात. आम्ही रॅपिड सिटीतला मुक्काम एका दिवसाने वाढवून पाइन रिज रिझर्व्हेशनमध्ये, म्हणजे लाकोटा या मूळ अमेरिकी जमातीच्या राखीव प्रदेशात गेलो. वूंडेड नी तिथेच आहे.

रशमोरला प्रवेश फुकट आहे, पार्किंगचे मात्र पैसे पडतात आणि नॅशनल पार्कचा पास त्यासाठी चालत नाही. ज्या ब्लॅक हिल्समध्ये रशमोरचे ते चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेत, त्या 1868 च्या फोर्ट लॅरमी तहानुसार लाकोटांच्या होत्या. 1874 मध्ये अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर याच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं, खाणवाल्यांची रीघ लागली आणि 1877 मध्ये सरकारने कायदा करून डोंगर काढून घेतले. 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती आजतागायत उचललेली नाही. त्यांना डोंगर हवेत. पाइन रिजमधली पडकी घरं पाहिली की हा हट्ट त्यांना केवढ्याला पडतोय ते कळतं.

वूंडेड नी रॅपिड सिटीहून दीड-दोन तासांवर आहे. 29 डिसेंबर 1890 ला अमेरिकी सैन्याने इथे लाकोटांची कत्तल केली. त्या दिवशी ज्या टेकडीवर सैन्याच्या हॉचकिस तोफा होत्या, तिच्यावरच आता मेलेल्यांची सामुदायिक कबर आहे. 146 जण एकाच खड्ड्यात पुरले, त्यात बायका-मुलंही होती. जाळीच्या कुंपणाला नवसाच्या चिंध्यांसारखी रंगीत फडकी बांधलेली. नावं कोरलेला दगड नातेवाइकांनीच उभारलाय. सरकारने काय केलं? सैनिकांना शौर्यपदकं दिली!

पेट्रोल रॅपिड सिटीतच भरून घ्या, जेवणाचा डबा आणि पाणी सोबत ठेवा. फोनला रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. सावली नावालाही नाही, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी लवकर निघालेलं बरं. टेकडीखाली स्थानिक लोक मण्यांचे दागिने विकायला येतात आणि विचारलंत तर इतिहासही सांगतात. सुटे डॉलर जवळ असू द्या आणि कृपा करून घासाघीस करू नका. हे आजही वापरात असलेलं दफनस्थान आहे, फडक्यांना हात लावू नका, माणसांचे फोटो विचारूनच काढा. परतताना वेळ उरला तर पाइन रिज गावाजवळ लाकोटांचा नेता रेड क्लाउड याची कबर आहे, तीही पाहून या.