लालीमागचा कोळसा

शांघायच्या तुंगथाय रोडवर जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, तेव्हाची गोष्ट. (२०१५ साली तो उठला.) एका टपरीवरून चीपाओ, म्हणजे अंगाबरोबर बसणारा चिनी झगा, घातलेली बाई माझ्याकडे बघून हसली. म्हणजे कागदावरची. हातात सिगारेट आणि गालांवर अशी लाली, की आत्ताच कुणी गालगुच्चा घेतलाय. "१९३० सालचं, अस्सल," दुकानदार म्हणाला. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात सौदा पटला. तिथेच शंका यायला हवी होती.

या चित्रांना तिकडे 'युएफनपाय' म्हणतात, म्हणजे सरळ कॅलेंडर. सिगारेट, साबण, औषधं विकणाऱ्या कंपन्या नव्या वर्षाला ती गिऱ्हाइकांना फुकट वाटत. आपला सराफ वाटतो तशीच. १९१२मध्ये चीनच्या नव्या प्रजासत्ताकाने इंग्रजी तारखा स्वीकारल्या, पण लोकांचे सणवार चांद्र तिथींनाच धरून राहिले. म्हणून अनेक कॅलेंडरांवर दोन्ही छापलेलं. कालनिर्णय बघत वाढलेल्याला यात नवल ते काय!

मला वेड लावलं ते गालांनी. चंग मानथुओ हा चित्रकार आधी हांगचौच्या एका फोटो स्टुडिओत तसबिरी रंगवायचा. कोळशाची पूड कागदावर घासून तो आधी छायाप्रकाश उठवी आणि मग त्यावर पातळ जलरंगाचे हात देई. खाली काजळी, वर गुलाबी. शांघायला त्याचे हे गाल इतके खपले, की सगळेच तसे रंगवू लागले. पुढे हांग चीयिंगच्या स्टुडिओत तर एकाच चित्रावर दोघेतिघे हात चालवत.

आणि १९४९नंतर, कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर? सिगारेटवाल्या कंपन्या गेल्या. चिन मेइशंगसारख्या कॅलेंडरवाल्यांनीच मग शेतात भाजी तोडणाऱ्या बाया रंगवल्या. माल बदलला, लाली तीच.

पुण्यात परतल्यावर भिंग लावून बसलो. जुन्या शिळाछापाचे ठिपके वाळू सांडल्यासारखे वेडेवाकडे असतात. आजच्या ऑफसेटचे रांगेत, शाळेच्या कवायतीसारखे. माझ्या बाईच्या गालांवर कवायत चालली होती. कागदाचा पिवळेपणा बहुधा चहाचा.

"म्हणजे जाहिरातीने फसवलं," बायको म्हणाली. "मग ती काय भजन करायला छापतात?"

आता माझ्याकडे खरे दोन तुकडे आहेत, सिगारेटच्या पाकिटातून निघायची तसली बोटभर चित्रं. ती फाइलमध्ये, अंधारात. उजेड लागला की रंग उडतात, म्हणून मीसुद्धा क्वचितच बघतो. खोटी बाई मात्र स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, राजरोस. परवा फोडणी उडाली आणि तिच्या चीपाओवर हळदीचा डाग पडला. पुसला नाही. पुढेमागे कुणा हौशी माणसाला तो नक्की १९३० सालचा वाटेल.