बॅनर पिशवीतच राहू दे

२०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला निघण्याआधी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीने तीन गोष्टी जमवल्या: निधी, जुने कपडे आणि बॅनर. निधीची खरीच गरज होती. कपड्यांचे गठ्ठे गोरखपूरच्या पुढे गेले नाहीत. बॅनर मात्र थेट सिंधुपाल्चोकच्या डोंगरात पोचला. दहा फूट लांब, निळाशार, वर मंडळीचं नाव, मध्ये बायबलमधलं वचन आणि कोपऱ्यात आमच्या वरिष्ठ पाळकांचा, म्हणजे पास्टरांचा, हसरा फोटो. भूकंपग्रस्तांसाठी केलेल्या बॅनरवर हसरा फोटो कशाला, हे मी बैठकीत विचारलं होतं. दुसरा फोटो हाताशी नव्हता म्हणे.

प्रवास लवकर उरकतो. कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून जीपने सोनौली, पुढे रात्रभर बस. जूनचा पहिला आठवडा होता आणि गाडीत उकाड्याने जीव नकोसा झाला, याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. मदतीचं सामान नेपाळच्या जकातीत अडकून पडतंय अशा बातम्या महिनाभर येत होत्या, म्हणून गोरखपूरच्या एका मंडळीत आम्ही गठ्ठे उतरवले. उतरवताना एक सुटला, आणि त्यातून जरीची शेरवानी आणि दोन नायलॉनच्या साड्या बाहेर आल्या. डोंगरात ताडपत्रीखाली झोपणाऱ्या माणसाने शेरवानी कधी घालायची होती, देव जाणे. मदत म्हटली की आपल्याकडे आधी कपाटं रिकामी होतात.

काठमांडूत टुंडिखेलच्या मैदानावर अजून तंबू होते आणि धरहरा मनोऱ्याचा नुसता बुंधा उरला होता. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाची तीव्रता ७.८ होती. सुमारे नऊ हजार माणसं गेली, पाच लाखांच्या आसपास घरं पडली. लोक जरा सावरतायत तोच १२ मे रोजी ७.३ चा दुसरा धक्का बसला. त्या दुसऱ्या धक्क्याने लोकांचा छतावरचा विश्वासच उडाला होता. आमच्या लॉजचा मालक स्वतः अंगणात झोपायचा आणि आम्हाला मात्र तिसऱ्या मजल्यावर खोली द्यायचा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "टीव्हीवाले तर नाही ना तुम्ही?" भारतीय वाहिन्यांच्या वार्तांकनावर नेपाळी लोक मे महिन्यात इतके चिडले होते की 'भारतीय मीडिया, घरी जा' असा हॅशटॅग तिकडे जोरात चालला होता. चर्चकडून आलोय म्हटल्यावर त्याचा चेहरा काही फार उजळला नाही. त्याचं कारण पुढे कळलं.

अरनिको राजमार्गाने धुलिखेल, दोलालघाट आणि तिथून वर चौतारा. सिंधुपाल्चोक हा सगळ्यांत जास्त माणसं गमावलेला जिल्हा, आणि चौतारा हे त्याचं मुख्यालय. तिथे सरळ उभं घर शोधावं लागत होतं. नॉर्वेच्या रेडक्रॉसचं तंबूतलं रुग्णालय मात्र शिस्तीत चालू होतं. तिथून पुढे जीपला जेमतेम जाईल असा कच्चा रस्ता, आणि त्याच्या शेवटी त्या गावचे पाळक उभे.

ते तमांग समाजातले. पन्नाशीचे, बुटके, पायात रबरी बूट. मंडळी सांभाळायची आणि मक्याची शेतीही करायची, कारण तिकडच्या बहुतेक खेड्यांत पाळकाला पगार वगैरे प्रकार नसतो. तरुणपणी मुंबईत एका हॉटेलात भांडी घासलेली, त्यामुळे हिंदी बरं. "जयमसीह," म्हणून त्यांनी हात जोडले आणि पुढचं वाक्य असं: "किती जण आलात? सहा? राहायला ताडपत्री एकच आहे."

आमच्या सेक्रेटरींना हे स्वागत रुचलं नाही. मला ते फार आवडलं.

आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी तिथे काम केलेलं. बाकीचे फोटो काढत असताना ते एका अर्धवट पडलेल्या भिंतीपाशी उकिडवे बसले. दगडाचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्ही थरांना आरपार बांधणारा एकही लांब दगड नाही. हलल्याबरोबर भिंत मधूनच फाटते, बाहेरचा थर बाहेर आणि आतला थर झोपलेल्या माणसावर. "अगदी तेच," काका म्हणाले, "फक्त तिथे वर मातीचं धाबं होतं." पाळक त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि दोघं तासभर भिंतीबद्दलच बोलत राहिले. लांब दगड कुठून आणायचा, नाही मिळाला तर लाकूड चालेल का, कोपऱ्यात काय करायचं. आमच्या अख्ख्या दौऱ्यातला सगळ्यांत कामाचा तास तो, आणि त्याचा एकही फोटो नाही.

संध्याकाळी पाळकांनी वही काढली. शाळेतल्या मुलांची असते तशी, पुठ्ठा भिजून फुगलेला. त्यात वॉर्डावार घरं लिहिलेली. प्रत्येक नावापुढे खुणा: अंगावर पिणारं बाळ आहे का, म्हातारं माणूस आहे का, जनावर मेलं का. एका रकान्यात नुसतं 'हात छैन' असं लिहिलेलं. म्हणजे घरातला कमावता पुरुष मलेशियात किंवा आखातात, पत्रे दिले तरी ते चढवायला कुणी नाही. अशा घरांवर मंडळीतल्या पोरांनी जाऊन छप्पर घालून द्यायचं, कोणी कुठे जायचं तेही पेन्सिलने लिहिलेलं. शेवटच्या पानांवर मुलींची नावं होती, वयासह. हे कशाला, मी विचारलं. सिंधुपाल्चोकमधून मुली फसवून पळवण्याचा धंदा जुना. भूकंपानंतर 'शहरात काम देतो' म्हणणारे अनोळखी लोक गावात फिरू लागले होते. कुठली मुलगी कुठे गेली याचा दर आठवड्याला पाळक आणि शाळेचे मास्तर मिळून ताळा घेत होते. मास्तर हिंदू ब्राह्मण, वॉर्ड एक ते चार त्यांनी स्वतः फिरून लिहिलेले.

सेक्रेटरींनी वही चाळली. "यात आपली माणसं कुठली?"

"मिसळलेली आहेत," पाळक म्हणाले.

"पण निधी विश्वासणाऱ्यांसाठी गोळा झालाय."

मग पाळकांनी शांतपणे सगळं सांगितलं, आणि लॉजवाल्याचा चेहरा का पडला होता ते मला उमगलं. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशीपासून बाहेरच्या काही ख्रिस्ती लोकांनी इंटरनेटवर 'नेपाळमध्ये आत्मे जिंकायची हीच वेळ' असल्या थाटाचं लिहिलं, आणि त्यावरून लोक खवळले. अंतरिम संविधानाने देश धर्मनिरपेक्ष म्हटला होता, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई होतीच. नवं संविधान लिहिलं जात होतं. आम्ही तिथे असतानाच, ८ जूनला, चार मोठ्या पक्षांचा सोळा कलमी करार झाला. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द काढा अशी मागणी रस्त्यावर जोरात होती. अशा वेळी तांदळाच्या पोत्याबरोबर कुणी धर्मप्रचाराची एक पत्रिका जरी वाटली, तरी ती वाटणारा आठवड्यात आपल्या देशी परततो आणि पोलीस चौकीत पाळकाला बसावं लागतं.

"तुमचा बॅनर लागला," ते म्हणाले, "तर उद्या मला विचारतील, हा पत्रा कुठल्या देवाचा? बॅनर पिशवीतच राहू दे."

सेक्रेटरी रात्री ताडपत्रीखाली कुजबुजत राहिले की कमिटीला काय दाखवायचं, देणगीदारांना पुरावा लागतो, एक फोटो लावून लगेच काढू. मी पाठ करून झोपायचा प्रयत्न केला. खाली दगड, वर ताडपत्रीचा फडफडाट, आणि पहाटे एक छोटा धक्का. गावातली कुत्री आधी भुंकली, मग जमीन हलली. आम्ही सहाही जण बाहेर पळालो. पाळक उठलेसुद्धा नाहीत.

पत्र्यांची खरेदी ही त्यांची करामत. आम्ही काठमांडूत भाव विचारून हबकलो होतो. भूकंपानंतर पत्रा सोन्यासारखा झाला होता. ते आम्हाला बनेपाच्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने अठ्ठावीस गेजचा पत्रा दाखवला, स्वस्त. पाळकांनी कोपरा दोन बोटांत धरून वाकवला, तो सहज वाकला. काही न बोलता खाली ठेवला आणि दुकानाबाहेर जाऊन बसले. दहा मिनिटांत सव्वीस गेजचा, म्हणजे जाड पत्रा आला, भावही उतरला. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी सरकार दर घरामागे पंधरा हजार नेपाळी रुपये देणार होतं; ते ज्यांना मिळाले त्यांना वहीतून वगळलेलं, म्हणजे दुबार नको. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशेसाठ, हा दर ठरलेला, पण व्यापारी हिशेब करताना तो दोनदा विसरला. पाळक विसरले नाहीत.

वाटपाच्या दिवशी गर्दी, रेटारेटी, आरडाओरडा यांची मी मनाची तयारी केली होती. काहीच झालं नाही. आदल्या रात्री मास्तरांनी चिठ्ठ्या वाटल्या होत्या, घरटी दोन बंडलं. लोक रांगेत आले, अंगठा किंवा सही केली, बंडल पाठीवर घेतलं आणि कपाळाच्या पट्ट्यावर तोलत चढणीला लागले. पासष्टीची एक बाई आमच्या काकांना पुढे होऊन बंडल उचलू देईना. नव्वद सालच्या भुइँचालोत, म्हणजे विक्रम संवत १९९० (इ.स. १९३४) च्या भूकंपात, तिच्या सासूने हेच केलं होतं असं सांगत राहिली. प्रार्थना नाही, भाषण नाही. मंडळीतल्या एका तरुणाने मात्र भांडण काढलं. आमचं चर्च गेलं, आमची माणसं गेली, आणि आमचा नंबर शेवटच्या वॉर्डात का? पाळकांनी त्याला बाजूला नेलं. काय बोलले ऐकू आलं नाही. तो तणतणत परत आला आणि पत्रे उतरवायला लागला. त्याचा राग मला अजिबात चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही.

कारण नेपाळात सुट्टी शनिवारी असते, आणि चर्चची उपासनाही शनिवारीच. २५ एप्रिल शनिवार होता. शाळा बंद होत्या म्हणून हजारो मुलं वाचली. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना धक्का बसला तेव्हा चर्च मात्र भरलेली होती. या गावातलं चर्चही दगडमातीचंच. पाळक उपदेश करत होते, दाराकडे तोंड करून, म्हणून त्यांना उंबऱ्यावरची धूळ आधी दिसली. मादल वाजवणारा मुलगा आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या बायका ढिगाऱ्याखाली राहिल्या. आत किती जण होते ते ठरवायला त्यांनी बाहेरच्या चपला मोजल्या. पण काही पोरं अनवाणीच आली होती, म्हणून आकडा चुकला आणि एक दिवस जास्त खणावं लागलं. हे सगळं त्यांनी मका सोलता सोलता सांगितलं. त्यांची थोरली सून त्या बायकांत होती, हे त्यांनी सांगितलं नाही, मास्तरांनी सांगितलं.

पाहुणचाराबद्दल तक्रार आहे, आणि ती आमच्याबद्दल. दोन्ही वेळ डाळभात आणि रायोची भाजी, सहा जणांना, तेही तांदूळ मोजून शिजवणाऱ्या घरात. नको म्हटलं तर त्या माउलीला राग यायचा, खाल्लं तर मला घास उतरायचा नाही. आमच्यातला एकजण तिसऱ्या दिवशी लोणचं आहे का विचारता झाला. माझं ठाम मत झालंय: भूकंपानंतर असल्या गावात सहा जणांनी जायचं कारण नाही. एक हिशेब कळणारा आणि एक भिंत कळणारा, बस. आमच्या भाड्याच्या पैशांत आणखी कितीतरी घरांवर पत्रा चढला असता. सेक्रेटरी म्हणतात, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लोक देत नाहीत. ते खोटं नाही, म्हणून तर चीड येते.

परतताना त्यांनी पाळकांना विचारलं, चर्च कधी बांधणार, त्यासाठी वेगळा निधी करू. पाळक म्हणाले, घरं होऊ देत, मग. तोवर ताडपत्रीखाली चाललंय.

उरलेल्या दोन वॉर्डांचे पैसे आम्ही सप्टेंबरात पाठवले. २० सप्टेंबरला तिकडे संविधान जाहीर झालं आणि लगेच सीमेवर नाकेबंदी. डिझेल नाही, गॅस नाही; पत्रे बनेपाच्या गोदामात पडून, आणि वरती थंडी. ते गावात चढले डिसेंबरात, टेम्पोसाठी काळ्या बाजारातून डिझेल घेऊन. अशा डिझेलची पावती मिळत नाही. आमच्या खजिनदारांनी ती रक्कम 'इतर खर्च' खाली दाखवली, आणि दर वार्षिक सभेला कुणीतरी उठून विचारतंच, हे 'इतर' म्हणजे नेमकं काय? बॅनरचं बिल मात्र पावतीसह आहे, त्यावर कुणी कधी विचारलं नाही.