बोलावणारी मीच

15 जून 2025, रविवार. पहाटेचे दोन वाजून गेलेत.

मेसेज सगळे गेले. बारा वाजून एक मिनिटानं पहिला, मग पाठोपाठ बाकीचे. 2027 ला शाळा संपवून अमेरिकेतल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये येऊ शकतील अशा ज्या गोलकीपर माझ्या यादीत होत्या त्या सगळ्यांना. बाकीच्या पोझिशन्स हेड कोच आणि दुसऱ्या असिस्टंटनी वाटून घेतल्या, गोल माझ्याकडे. एव्हाना झोपायला हवं होतं, सकाळपासून फोन सुरू होतील. पण बारा वाजून चार मिनिटांनी यंदाच पदवी घेऊन गेलेल्या आमच्या एका कीपरचा मेसेज आला.

तिनं स्क्रीनशॉट पाठवलाय. 15 जून 2019 ला मी तिला पाठवलेला मेसेज. खाली एवढंच: 'सहा वर्षं झाली, कोच!' आणि हातमोज्यांचा इमोजी.

तक्रार नाही, टोमणाही नाही. टोमणे मारणं तिच्या स्वभावातच नाही. मेमध्ये पदवी घेतली तेव्हा आईवडिलांना घेऊन मला शोधत आली होती, फोटो काढले, वडिलांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मग आता मला एवढं का लागावं? तो स्क्रीनशॉट मी पुन्हा पुन्हा उघडून वाचतेय. 'कॉर्नरला तू ज्या खात्रीनं लाइन सोडून बाहेर येतेस तसं तुझ्या वयाच्या मुलींमध्ये मी फार पाहिलेलं नाही. आमच्या गोलात तू उभी राहावीस असं मला मनापासून वाटतं.'

मनापासूनच वाटलं होतं. आजही शपथेवर सांगेन.

चार सीझनमध्ये ती एका सामन्यात खेळली. शेवटची अकरा मिनिटं, आम्ही पाच गोलनी पुढं असताना. वाट्याला एक बॅकपास आला आणि एक क्रॉस. तो क्रॉस तिनं डोक्यावर, गर्दीतून, इतका स्वच्छ पकडला की बाकावरच्या सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या. आकडेवारीच्या पानावर तिच्या नावापुढं सेव्ह शून्य. झेललेल्या क्रॉसचा रकाना तिथं नसतोच.

2019 हे 15 जूनच्या नियमाचं पहिलंच वर्ष. त्याच्या आधी आठवी-नववीतल्या पोरी कॉलेजांना तोंडी शब्द देऊन बसायच्या, ज्यांची अजून उंचीही पुरी वाढलेली नसायची. मग ठरलं, दहावीनंतरच्या 15 जूनपर्यंत कोचनं मुलींशी रिक्रूटिंगचं, म्हणजे टीममध्ये घेण्याचं, एक अक्षर बोलायचं नाही, आणि कॉलेज बघायला यायचं ते 1 ऑगस्टनंतर. नियम मला पटतो. पण त्यामुळं होतं काय, की जेफरसन कपला रिचमंडमध्ये, नाहीतर सर्फ कपला सॅन डिएगोत, अशा शाळकरी मुलींच्या स्पर्धांना कॉलेजचं जॅकेट घालून आपण गोलामागं गप्प बसायचं. मुलीला दिसतंय कोण बसलंय, आपल्याला कळतंय तिला दिसतंय, आणि शब्द बोलायचा नाही. ते सगळं साठलेलं मग एका रात्री बाहेर पडतं. 16 वर्षांची मुलगी उशाशी फोन घेऊन जागी असते. त्या वेळी आपण जे लिहू ते तिला पाठ होतं. हिनं सहा वर्षं जपून ठेवलं.

मी गोलामागं बसते ते सेव्ह बघायला नाही. सेव्ह तर व्हिडिओत असतातच. व्हिडिओ पाठवणारी मुलगी खाल्लेले गोल कशाला पाठवेल? म्हणून मी अख्खा हाफ मागवते, आणि प्रत्यक्ष गेले की गोल बसल्यानंतरचं मिनिट बघते. बॉल जाळ्यातून कोण काढतं, ती स्वतः की डिफेंडर. नजर कुठं जाते, बाकाकडं, वडिलांकडं, की पुढच्या बॉलकडं. हिला मी पाहिलं तेव्हा तिच्या पायांतून सोपा गोल गेला होता. तिनं बॉल उचलला, सेंटरकडं टाकला आणि लेफ्ट बॅकला हाक मारून दोन पावलं आत घेतलं. पुढचा कॉर्नर आला, ही लाइन सोडून बाहेर, बॉल हातात. उंची पाच फूट सहा. हेड कोचनी यादीवर उंचीपुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मी भांडून खोडायला लावलं. 24 फूट रुंद आणि आठ फूट उंच गोल, त्यात दोन इंच कमी म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मी स्वतः पाच फूट चार होते.

मग 2020 चा मार्च आला. 2021 चा मे संपेपर्यंत कोचनं बाहेर जायचं नाही, मुलींनी इकडं यायचं नाही. सगळं फोनवर आणि स्क्रीनवर. ती 2021 च्या ऑगस्टला आली तोवर कोरोनाचं जादा वर्ष मिळालेली सीनियर गोलात होती, ती कशाला जागा सोडेल? पुढच्या वर्षी हिच्या खांद्याचं झालं. त्याच्या पुढच्या वसंतात पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, एक तयार कीपर मिळाली, दोन वर्षं दुसरीकडं नियमित खेळलेली. आणि गेल्या सीझनला 18 वर्षांची ती टेक्सासची आली, जिला पहिल्याच आठवड्यात बघून सगळ्यांना कळलं.

तिघींनाही मीच आणलं. टेक्सासच्या मुलीलाही 15 जूनला बारा वाजून एक मिनिटानंच मेसेज गेला होता. त्यातही मनापासून होतं.

हेच मला गिळता येत नाहीये. फॉरवर्ड चार घेतल्या तर दोन खेळतात, तिसरी सत्तराव्या मिनिटाला उतरते. कीपर चार घेतल्या तर एक खेळते, बस. हेड कोचला वाटलं तरी दया म्हणून साठाव्या मिनिटाला कीपर बदलत नाहीत. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि तरी दर जूनला मी एका मुलीला सांगते की तू हवी आहेस, आणि दर ऑगस्टला आधीच्या एकीच्या डोळ्यांत बघून सांगते की या शनिवारी तू नाहीस. बोलावणारीही मीच, बसवणारीही मीच. दुसऱ्या कुठल्या पोझिशनच्या कोचला हे इतकं थेट करावं लागतं?

आणि मला कोण विचारतं? कीपरनं पेनल्टी अडवली की कॅमेरा तिच्यावर, मग हेड कोचवर. सामन्याआधी तिला तासभर क्रॉस मारून उजवा गुडघा कुणाचा गेला? हे पदच इकडं वर्षानुवर्षं बिनपगारी धरलं जायचं. 2023 च्या जुलैपासून ती व्हॉलंटिअर कोचची पदं नियमानंच बंद झाली, पण नजर अजून तीच आहे. हेड कोच बदलले की आपली बॅग भरलेली. त्यात व्हिसा. व्हिसाचं आज नको. माझ्या पहिल्या, डिव्हिजन थ्री म्हणजे तिसऱ्या गटातल्या कॉलेजात निदान खेळाच्या स्कॉलरशिप नावाची गोष्टच नव्हती, खेळायला आवडतं म्हणून मुली यायच्या. इथं 14 स्कॉलरशिप्स तीसेक जणींत वाटायच्या, आणि चौथ्या कीपरच्या आईला समजावायचं की पुस्तकांचा खर्च निघेल. आता तेही गेलं. 6 जूनला कोर्टानं कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या खटल्यातला समझोता मंजूर केला, ज्या कॉलेजांनी तो स्वीकारलाय त्यांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण टीम 28 चीच. कीपर किती ठेवायच्या, हे मला मार्चमध्येच विचारून झालंय. हेड कोच तीन म्हणाले. त्या चौथीचं मला आत्ता लिहवत नाही.

मधेच कोल्हापूरहून आबांचा फोन. तिकडं साडेअकरा, रविवार, मागं कुकरच्या शिट्ट्या.

"काय गं, गावल्या का पोरी?"

मी म्हटलं, "आबा, आज इकडं फादर्स डे आहे."

"असू दे. झोपली का न्हाईस ते सांग."

सांगितलं. स्क्रीनशॉटचं, अकरा मिनिटांचं, सगळं. आबा पीटीएमचे, म्हणजे पाटाकडील तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमचे, शाहू स्टेडियमला उन्हातान्हात बसून आयुष्य गेलंय, त्यांना बाकावरचा गोली काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती चार वर्सं प्रॅक्टिसला येत हुती न्हवं?"

"रोज."

"मग तिला उत्तर दे की. मला काय सांगत बसलीयास?" आणि आईनं हाक मारली म्हणून फोन ठेवला.

रोज येत होती, हे खरंच आहे. सीझनमध्ये आठवड्याला 20 तासांच्या वर सराव घ्यायचा नाही असा नियम आहे. त्यात कीपर बाकीच्यांच्या आधी उतरतात, मैदानाच्या एका कोपऱ्यात, चौघी आणि मी. टेक्सासची पहिल्या सामन्याआधी थरथरत होती, तेव्हा तिला कोपऱ्यात नेऊन हळूहळू बॉल देत कुणी शांत केलं? मी नव्हे, मी हेड कोचबरोबर कॉर्नरच्या जागा ठरवत होते. आणि पेनल्टीचा सराव असला की हीच सगळ्यांत जास्त अडवायची, तेव्हा फॉरवर्ड वैतागायच्या. पोर्टलमधून जायचं का, असं मी तिला स्वतः विचारलं होतं. खेळायला मिळेल अशी दोन-तीन कॉलेजं माझ्या मनात होती. म्हणाली, नको, माझं बायोलॉजी इथं आहे आणि मैत्रिणी इथं आहेत. मी त्या उत्तरावर तेव्हा फार थांबले नाही. आज थांबतेय. मी तिला गोलासाठी बोलावलं, ती आली आणि तिनं स्वतःसाठी दुसरं काहीतरी निवडलं. तो निर्णय तिचा होता. त्याची जबाबदारी मी माझ्या डोक्यावर घेऊन बसणं म्हणजे तिची निवड तिच्याकडून काढून घेणं झालं.

एवढं लिहून बरं वाटतंय. पूर्ण नाही, पण बरं.

एक मात्र मी यापुढं करणार नाही. बाकावर बसलेल्या प्रत्येक मुलीला मी अमेरिकेची गोलकीपर अलिसा नेअर हिची गोष्ट सांगत आलेय. पेन स्टेट युनिव्हर्सिटीची. 2015 च्या वर्ल्ड कपला होप सोलोच्या मागं बसली, एक मिनिट खेळली नाही. 2019 ला गोल तिचा, सेमीफायनलला इंग्लंडच्या ह्यूटनची पेनल्टी 84 व्या मिनिटाला धरली, वर्ल्ड कप जिंकला. गोष्ट शब्दशः खरी आहे आणि मला तिच्याबद्दल अपार आदर आहे. पण ती मी ज्या मुलींना सांगते त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला 2019 येणार नाही. त्यांचं बसणं कशाचीही तयारी नसणार, तेच त्यांचं खेळणं असणार. ते तसंच सांगता यायला हवं, आणि त्यालाही मान आहे हे माझ्या आवाजात कळायला हवं. अजून शब्द सापडत नाहीत.

तिला उत्तर दिलं. लांबलचक लिहून खोडलं. मग लिहिलं: 'त्या मेसेजमधलं कॉर्नरचं वाक्य आजही तसंच लिहीन. बुधवारी वेळ असेल तर फोन कर, नव्या नोकरीचं ऐकायचंय.' लगेच उत्तर आलं, बुधवार चालेल. म्हणजे तीही जागीच.

सकाळी नऊला यादीतल्या पहिलीचा फोन आहे. पाच फूट दहा, डावा पाय सुंदर, लाइन सोडायला अजून घाबरते. तिचे वडील पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, पहिल्या वर्षी खेळेल का. आमची टेक्सासची तेव्हा सीनियर असेल आणि धडधाकट असली तर सोडणार नाही. मी सांगणार आहे की बहुधा नाही, दुसऱ्या वर्षाचंही आत्ता सांगता येणार नाही, आणि त्यानंतरही त्यांनी फोन ठेवला नाही तर आमच्या त्या कोपऱ्यात रोज काय चालतं ते सांगणार आहे. हेड कोचना हे आवडणार नाही, चांगली कीपर हातची जाईल म्हणतील. जाईलही कदाचित.