वर्कशॉपमध्ये लेखकाने गप्प बसायचं असतं

बारावी सायन्सनंतर मी इंग्लिश लिटरेचर आणि क्रिएटिव्ह रायटिंग शिकायला ओहायोतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजला गेले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, पैसे कुठून आणले? म्हणून तेच आधी सांगते. बहुतेक सगळा खर्च कॉलेजच्या मदतीतून झाला आणि त्या मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात घरचं वर्षाचं उत्पन्न विचारतात. आबांचं उत्पन्न म्हणजे उसाचं बिल, ते कारखान्याकडून हप्त्याहप्त्याने येणार, मग बिलाच्या पावत्या, सातबारा, उत्पन्नाचा दाखला सगळ्याचं इंग्रजी करून पाठवलं. बऱ्याच कॉलेजांत परदेशी मुलांनी मदत मागितली की अॅडमिशन द्यायची की नाही ठरवताना तेही विचारात घेतात, त्यामुळे कुठे अप्लाय करताय ते नीट बघून करा. कॉमन अॅपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, निबंध ६५० शब्दांचा, तो मी अकरा वेळा लिहिला.

तिथे गेल्या गेल्या नुसतं इंग्लिश शिकवत नाहीत. मेजर म्हणजे मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा, तोवर मी जिऑलॉजी केलं, स्टॅटिस्टिक्स पण केलं. लिटरेचरच्या तासाला चौदा ओळींच्या एका कवितेवर सव्वा तास बोलायचं, आणि कवीचं चरित्र सांगायचं नाही, शब्द काय करतायत तेवढंच सांगायचं. मला हे फार आवडलं. एकदा ऑक्सफर्ड डिक्शनरीत एका शब्दाचा माग काढायला दिला होता, मी मंगूज घेतला, तर तो निघाला पोर्तुगीजांमार्फत आपल्या मराठी मुंगसावरून! रात्री लायब्ररीत ड्युटीवर होते (आठवड्याला २० तासच काम करता येतं, व्हिसाचा नियम आहे), तिथूनच आबांना फोन लावला, त्यांच्याकडे सकाळ झालेली.

वर्कशॉप मात्र वेगळंच प्रकरण. आपली गोष्ट आठवडाभर आधी सगळ्यांना द्यायची, प्रत्येकजण वाचून आपल्याला एक पानभर पत्र लिहितो आणि मग टेबलाभोवती बारा जण आपल्यासमोर त्या गोष्टीबद्दल चाळीस मिनिटं बोलतात. लेखकाने तोंड उघडायचं नाही. माझी पहिली गोष्ट आत्तीची होती. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ती बातमी वाचल्यापासून ही गोष्ट डोक्यात होती. गोष्टीत हळदीकुंकू चाललंय, बायकांच्या ओट्या भरतायत, तांदूळ, नारळ, खण, आणि आत्ती माजघराच्या दारात उभी राहून बघतेय. ओटी शब्द मी तिरक्या अक्षरात लिहून पुढे स्वल्पविराम देऊन त्याचा अर्थ दिला होता, वाण शब्दाचंही तसंच. एकजण म्हणाला शेवटी शब्दार्थ द्या, दुसरी म्हणाली असे शब्द अजून हवेत कारण छान वाटतात, आणि मी तळहातात नखं रुतवून बसलेले कारण छान वाटावं म्हणून नव्हतंच लिहिलं ते. शेवटी मॅडमनी एकच विचारलं, गोष्टीतल्या बाईला ओटी म्हणजे काय हे माहीत आहे ना, मग ही माहिती कोण कुणाला देतंय?

त्या रात्री सगळे अर्थ काढून टाकले. गोष्ट दोन पानांनी कमी झाली, आणि गंमत म्हणजे पुढच्या वेळी कुणालाच काही अडलं नाही, कारण भरलेला नारळ आत्तीच्या पुढून जाऊन शेजारणीच्या पदरात पडतो एवढं वाचल्यावर कळायचं ते कळतंच. दारात उभी आत्ती तर सगळ्यांना फार आवडली, जवळजवळ प्रत्येक पत्रात तिच्याखाली रेघ होती.

शेवटच्या वर्षी थिसिस म्हणून कथासंग्रह द्यायचा होता, त्यात ही गोष्ट पहिली ठेवली. द्यायच्या आधी फोनवर आत्तीला मराठीत वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, "दारात कशाला हुबी ऱ्हाईन मी? दारातनं समद्यास्नी दिसतं की. मी मागं परड्यात असायची, पेलं घासत. तिथनं उखाणं ऐकू यायचं."

मी बराच वेळ काही बोलले नाही. तीन वर्षं सगळ्यांनी नावाजलेलं ते दार मीच बांधलं होतं, मला बघायला सोपं पडावं म्हणून. मग थिसिसची मुदत चार दिवसांवर असताना गोष्ट परत लिहिली. आता तिच्यात हळदीकुंकू दिसतच नाही. राख लावलेला हात, पितळेचा पेला, आणि आतून येणारे उखाणे, त्यात आत्ती मनातल्या मनात यमक आधीच जुळवते. मॅडमना हा बदल पटला नाही, त्यांना दारच हवं होतं. मी परड्यातलीच दिली.