तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नास एमबीच का?

दर जूनमध्ये प्रवेशाची गर्दी ओसरली की स्टाफरूममध्ये कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहतं. "मॅडम, मूडलवर व्हिडिओ टाकतोय, तर फाइल मोठी आहे म्हणतंय. ती पन्नास एमबीची मर्यादा जरा वाढवून द्या ना." मूडल म्हणजे आमचे ऑनलाइन कोर्स ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर. आता दुसऱ्या कॉलेजांतली मंडळीही प्रशिक्षणाच्या चहाच्या सुट्टीत गाठून हेच विचारतात. मर्यादा एवढी कमी का, आणि मग कोर्सच्या पानावर व्हिडिओ घालायचे तरी कसे? एकदा नीटच सांगते.

मी रसायनशास्त्र शिकवते. आमचं कॉलेज सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मूडल सांभाळायचं काम माझ्याकडे कसं आलं, तर लॉकडाउनमध्ये ज्या ऑनलाइन मीटिंगला कामं वाटली गेली तिथे मी दहा मिनिटं उशिरा पोचले. तेव्हा मर्यादा होती दोन एमबी. ती कुणी ठरवली नव्हती. मूडल ज्या पीएचपी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतं तिची मूळची सेटिंग तेवढीच असते आणि बसवणाऱ्याने ती बदलली नाही की मूडल बिचारं तीच दाखवत राहतं. सगळे ओरडायला लागले. मी सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला फोन केला, तिकडची बदलून घेतली, मूडलमधली बदलली आणि सरळ एक जीबी करून टाकली. दोन दिवस मी कॉलेजात सर्वांची लाडकी होते.

मग लोकांनी तासन्‌तासांची व्याख्यानं चढवली. मीटिंगची रेकॉर्डिंगं, फोनवर काढलेले फळ्याचे व्हिडिओ, एकाने तर घरातल्या टीव्हीवर लावलेलं दुसऱ्याचं व्याख्यान फोनने टिपून. आमच्या सर्व्हरवर जागा चाळीस जीबी. व्हिडिओंनी बावीस खाल्ले तरी मी निर्धास्त होते, कारण एकच फाइल तीन तुकड्यांच्या कोर्समध्ये टाकली तरी मूडल ती आतून एकदाच साठवतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते बॅकअपचं. रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये प्रत्येक कोर्सची वेगळी गाठोडी बांधली जाते आणि त्या गाठोड्यात त्या कोर्सचे सगळे व्हिडिओ पुन्हा भरले जातात. अंतर्गत परीक्षेच्या दिवशी सकाळी डिस्क शंभर टक्के भरलेली. डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा नाही. मुलं उत्तरपत्रिकांच्या पीडीएफ घेऊन लॉगिन करतायत आणि समोर इंग्रजीत एरर. त्या दिवशी मी पाच तास फोनवर होते. संध्याकाळी आई म्हणाली, "अगं, जेवलीस का?" आणि मला रडू आलं.

जागा विकत घेता येते, हे मला मान्य आहे. पण अडचण जागेपुरती नाही. साधारण बऱ्या दर्जाचा, ७२० पीचा व्हिडिओ सेकंदाला दीड मेगाबिट खातो (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). चाळीस मिनिटांच्या व्याख्यानाचे साडेचारशे एमबी झाले. साठ मुलांनी रात्री नऊला एकाच वेळी तो लावला तर सर्व्हरमधून सतत नव्वद मेगाबिट बाहेर पडायला हवेत, आणि ते लहानशा भाड्याच्या सर्व्हरच्या आवाक्यातलं काम नाही. शिवाय मूडल तुमची फाइल आहे तशी देतं. रेंजची एकच काडी असलेल्या मुलीला आणि वायफायवर बसलेल्या मुलाला तीच साडेचारशे एमबीची फाइल. यूट्यूब तसं करत नाही. तिथे चढवलेल्या व्हिडिओच्या लहानमोठ्या अनेक प्रती तयार होतात आणि समोरच्याच्या नेटला झेपेल ती पाठवली जाते. आपल्या मुलांच्या फोनमध्ये दिवसाला दीड जीबीचा पॅक असतो. तुमच्या एका व्याख्यानाने त्याचा तिसरा हिस्सा उडवला, आणि त्या दिवशी पाच विषय होते.

म्हणून मी मर्यादा पन्नास एमबीवर आणली, आणि लांब व्हिडिओ यूट्यूबवर. खातं फोन नंबरने पडताळून घ्या, नाहीतर पंधरा मिनिटांच्या वरचा व्हिडिओ चढत नाही. व्हिडिओ "अनलिस्टेड" ठेवा. "प्रायव्हेट" ठेवलात तर मुलांना दिसणारच नाही, आणि मग रात्री अकराला तुमचा फोन वाजेल. गूगल ड्राइव्हची लिंक देणाऱ्यांची वेगळीच कथा. परवानगी उघडी करायची राहते आणि सकाळी इनबॉक्समध्ये ऐंशी विनंत्या. अनलिस्टेड म्हणजे गुप्त मात्र नव्हे, ज्याच्या हाती लिंक लागेल त्याला दिसतो. आणि तो कायम तसाच राहील असंही समजू नका. २०१७ च्या आधी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ जुलै २०२१ मध्ये यूट्यूबने सुरक्षेच्या कारणाने प्रायव्हेट केले होते. तेव्हा मूळ फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवाच.

मूडलमध्ये "पेज" घ्या, त्यात दोन ओळी लिहा, खाली लिंक चिकटवा. मल्टिमीडियाचा फिल्टर चालू असेल तर लिंकच्या जागी प्लेअर दिसतो. बंद असेल तर नुसती निळी ओळ दिसते, आणि मग दोष तुमचा नाही, माझ्यासारख्या कुणाचा तरी आहे. कोर्सच्या पहिल्या पानावरच एकाखाली एक चौदा प्लेअर लावू नका. ते पान फोनवर उघडायलाच एवढा वेळ लागतो की पोरं परत व्हॉट्सॲपवर जातात. वरच्या दोन ओळींचा कंटाळा करू नका. व्हिडिओत काय आहे, किती मिनिटांचा आहे, कुठल्या मिनिटाला कुठला भाग, एवढं पुरे.

एवढं ऐकून लोक म्हणतात, मग पन्नास एमबी तरी कशाला ठेवलेत, शून्यच करा. पन्नास मी मुद्दाम ठेवलेत, आणि ते टायट्रेशनसाठी.

पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲसिड-बेस टायट्रेशन असतं, म्हणजे थेंबाथेंबाने बेस घालून ॲसिडचं प्रमाण काढायचा प्रयोग. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, शंकूच्या फ्लास्कमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी दिसतं, फ्लास्क हलवला की जातं. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग राहतो. जेमतेम राहतो. गडद गुलाबी झालं म्हणजे तुम्ही पुढे गेलात, रीडिंग फेकून द्या. हा फिका गुलाबी म्हणजे किती फिका, हे मी बावीस वर्षं हातवारे करून सांगत आले. फळ्यावर ते काढता येत नाही आणि पुस्तकातला फोटो कृष्णधवल असतो.

२०२० मध्ये मी घरी त्याचा व्हिडिओ केला होता, अडतीस मिनिटांचा. त्यात सुरुवातीला माझी ओळख होती (मुलांना मी कोण ते माहीत होतं), मग उद्देश, तत्त्व, साहित्य, ब्युरेट धुण्याची पद्धत, आणि बत्तिसाव्या मिनिटाला तो थेंब. नंतर एका मुलीने प्रॅक्टिकलला रंग बरोब्बर ओळखला. मी विचारलं, व्हिडिओ पाहिलास का? म्हणाली, "मॅडम, तेवढाच पाहिला. शेवटचा. सात-आठ वेळा." ती एसटीने येते, घरी रेंज माळावर गेल्यावर मिळते. माळावर उभं राहून तिने तो बत्तिसाव्या मिनिटापर्यंत ओढत नेला होता आणि प्रत्येक वेळी पॅक जळत होता.

त्या अडतीस मिनिटांतली चाळीस सेकंदं मी कापून घेतली. मागे पांढरा कागद धरून नीट पुन्हा शूट केली, आधीचं थोडं आणि नंतरचं थोडं जोडून दोन मिनिटं. ती फाइल सोळा एमबीची झाली आणि ती मी यूट्यूबवर टाकली नाही, थेट मूडलच्या पेजमध्ये घातली. कारण मूडलच्या ॲपमध्ये ते पेज डाउनलोड करून ठेवता येतं आणि त्यातली फाइलही सोबत उतरते. कॉलेजच्या वायफायवर उतरवा, घरी नेट नसताना शंभर वेळा पाहा. यूट्यूबचा प्लेअर असा उतरत नाही, त्याला प्रत्येक वेळी नेट लागतं. ज्याने मूडल लिहायला घेतलं तो मार्टिन डगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला आणि रेडिओवर चालणाऱ्या शाळेत शिकला. २००२ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आणणाऱ्या त्या माणसाला आमचा माळ लगेच समजला असता, असं मला उगाचच वाटतं.

तर लहान व्हिडिओ थेट चढवा, पण दाबून, म्हणजे फाइलचा आकार कमी करून. फोनवर पूर्ण दर्जात काढलेला व्हिडिओ मिनिटाला शंभर एमबीच्या पुढे सहज जातो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ७२० पी निवडायचं, "वेब ऑप्टिमाइझ्ड" वर टिचकी मारायची म्हणजे फाइलची अनुक्रमणिका पुढे येते आणि व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आधी चालू होतो. आयफोनवाल्यांनी जरा जपून. तो फोन मूळच्या सेटिंगमध्ये एच.२६५ पद्धतीने साठवतो, आणि काही ब्राउझरांत त्याचा आवाज येतो पण चित्र काळं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा, किंवा हँडब्रेकमधून एच.२६४ करून घ्या.

लांबीचं म्हणाल तर अमेरिकेत एडएक्स या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संस्थेच्या चार कोर्सांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची नोंद त्यात तपासली होती. व्हिडिओ कितीही मोठा असो, निम्मे लोक सहा मिनिटांच्या आतच उठून जात होते. वर्गातलं व्याख्यान नंतर चिरून तुकडे केले तरी ते मुद्दाम लहान केलेल्या व्हिडिओइतकं धरून ठेवत नव्हतं, हेही त्यात आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईने हे फार आधी हेरलं. त्यांचे स्पोकन ट्युटोरियल दहा मिनिटांच्या आसपासचे, मराठीतही मिळतात. आधी दोन रकान्यांत लिहून काढतात, डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे काय बोलायचं. मी ही पद्धत उचलली आणि माझा प्रत्येक व्हिडिओ निम्मा झाला. उजवा रकाना भरलेला आणि डावा रिकामा, अशा ओळी निघाल्या की समजावं, हे पेजवर लिहून भागलं असतं.

उपशीर्षकं टाका. मूडलच्या मीडिया बटणात त्यासाठी जागा असते, व्हीटीटी फाइल लागते, नोटपॅडमध्येही लिहिता येते. साठवताना यूटीएफ-८ निवडा. मी पहिल्यांदा विसरले तेव्हा माझ्या सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं झाली होती. एसटीत इअरफोन नसलेल्या पोराला त्याचा उपयोग होतो, आणि आमच्या वर्गात कमी ऐकू येणारा एक मुलगा होता, त्याला तर झालाच.

"मुलांनी पाहिला का ते कसं कळणार?" हा प्रश्न प्राचार्यांचा असतो, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असली की जोरात असतो. मूडलची हिरवी खूण फक्त पान उघडलं एवढंच सांगते. पान उघडून फोन खिशात ठेवला तरी ती येते. एचफाइव्हपी नावाचं मूडलमध्ये वापरता येणारं साधन आहे, त्यात व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो, तो मी एकच ठेवते: ब्युरेट थांबवायची ती हीच वेळ का? पाचपाच प्रश्न पेरणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिलेत. टोलनाक्यांचा रस्ता वाटतो.

परवा इतिहासाच्या सरांचा फोन आला. त्यांनी माझं सगळं ऐकलं होतं. गावातल्या जुन्या वाड्यात जाऊन सात मिनिटांचा व्हिडिओ केला होता, लाकडी खांबांवरचं कोरीवकाम फार सुंदर टिपलं होतं, हँडब्रेकमधून काढलाही होता. "फक्त त्रेसष्ट एमबी होतोय हो मॅडम."

"सर, पहिल्या दीड मिनिटाचं स्वागत कापा. पन्नासात बसेल."

"ते प्राचार्यांचं आहे."

शेवटी मी फाइल मागवून घेतली आणि माझ्या लॉगिनने चढवली. ॲडमिनला मूडलची मर्यादा लागत नाही, हे कृपा करून स्टाफरूममध्ये बोलू नका.