मगरीचा टी-शर्ट, नकली माल आणि रिफंड : माझा अनुभव

मुंबईच्या लिंकिंग रोडवरचा माणूस निदान तोंडावर सांगतो, "मॅडम, फर्स्ट कॉपी है" (म्हणजे हुबेहूब नक्कल), त्यामुळे तिथे फसवलं म्हणून बोंब मारायची सोयच नाही. ऑनलाइन मात्र झाडून सगळे १००% ओरिजिनल! दादाच्या चाळिशीला लाकोस्तचा पोलो, म्हणजे छातीवर मगर असलेला तो कॉलरवाला टी-शर्ट, द्यायचा असं वहिनीचं आणि माझं ठरलेलं, शोरूममधले भाव बघून दोघी गुपचूप बाहेर आलो आणि घरी येऊन बघते तर एका मोठ्या अॅपवर तोच रंग २,४९९ ला. रिटर्न होतं, रेटिंग बरं होतं, म्हटलं मागवून बघू, गडबड वाटली तर परत. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला, ते मात्र नेहमी कराच, पत्त्याचं लेबल, सील, टॅग सगळं एका दमात, मध्ये कट न करता.

आई माझी अंधेरीला एक्सपोर्टच्या युनिटमध्ये कित्येक वर्षं चेकिंगला होती. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करणार. "पुढून काय बघतेस, पुढून सगळेच छान." तिने मगरीची मागची बाजू बघितली आणि म्हणाली, अगं ही तर थेट कापडावर मारलीये. ओरिजिनल क्लासिक पोलोला मगरीचा तुकडा वेगळा बनवतात आणि बारीक टाक्यांनी छातीवर शिवतात, म्हणजे आतून फार तर तिची कड कळते. आमच्याकडे आत पांढरं बॅकिंग चिकटलेलं आणि त्यावर धाग्यांचा नुसता गुंता. पुढून मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर दात म्हणून एक पांढरी रेघ, नखं म्हणजे हिरवा गोळा. बटणं शिंपल्याची हवीत, ती ओठाला लावली की गार लागतात आणि प्रत्येकाची झाक जराशी वेगळी असते. आमची दोन्ही जुळी, प्लॅस्टिकची.

स्पेलिंग बघा, फॉन्ट बघा असं सगळे सांगतात, पण आता स्पेलिंग कोणी चुकवत नाही हो. उलट अर्धवट माहितीने खरा माल नकली ठरतो. लीव्हाइसच्या काही जीन्सच्या खिशाच्या लाल टॅबवर नाव नसतंच, नुसता गोलातला आर (®) असतो, ते कंपनीनेच तसं केलेलं असतं आणि लोक उगाच भांडत बसतात.

तर रिटर्न टाकलं, कारण लिहिलं 'नकली वस्तू'. विक्रेत्याने नाकारलं, माल ओरिजिनल आहे म्हणे. चॅटवर तेच तेच उत्तर, माणूस आहे की मशीन कळेना. शोरूममधल्या मुलाला शर्ट दाखवला, तो बघून हसला, पण लिहून द्याल का विचारल्यावर म्हणाला आम्हाला तसं देता येत नाही. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नकली आहे हे सिद्ध करायला मी कुठून कागद आणणार? पण पेजवर एक आणि हातात दुसरंच आलंय हे तर घरबसल्या दाखवता येतं!

मग शर्ट बाजूला ठेवला आणि कागदं काढून बसले. पेजवर कंट्री ऑफ ओरिजिन भारत आणि टॅगवर चक्क मेड इन फ्रान्स. फ्रान्सचा असेल तर टॅगवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नको का, तो नव्हताच. एमआरपीच्या स्टिकरखाली आणखी एक स्टिकर, नखाने उचकटलं तर खालचा आकडा वेगळा. बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली (आपल्या महाराष्ट्राचा २७). हा नंबर जीएसटीच्या साइटवर कोणालाही टाकून बघता येतो, लॉगिन लागत नाही, आणि तिथे नोंदणीची तारीख आणि धंदा कशाचा तेही निघतं. आमचे शेठ नवीनच रजिस्टर झालेले आणि नोंद प्लॅस्टिकच्या वस्तूंची! तशी दिल्लीत नोंदणी असणं काही गुन्हा नाही, पण प्लॅस्टिकवाला लाकोस्त विकतोय म्हटल्यावर मला तरी पुरे होतं.

याचे सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, आधी पेजचे, कारण ते रातोरात बदलतं. मग अॅपच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला मेल. हे नाव अॅपमध्ये अगदी तळाला लपवलेलं असतं, पण असावंच लागतं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मेलमध्ये भावनिक काही लिहिलं नाही, मगरीचा फोटो जोडला पण मुद्दा पहिला तोच, पेजवर भारत, टॅगवर फ्रान्स, आयातदार गायब, आणि व्हिडिओ. पोच वेळेत आली, पुढे शांतता. मग १९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. त्यांनी डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) दिला आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ते कोणाला दंड करत नाहीत, पण तिकडून तक्रार गेल्यावर इतके दिवस मुकी असलेली कंपनी एकदम फोन करायला लागली. आम्ही ग्राहक आयोगाचीही तयारी ठेवली होती, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.

पूर्ण रिफंड आला, डिलिव्हरी चार्जसकट. वर 'गुडविल' म्हणून कूपन देत होते, तिथेच वापरायचं असलेलं, ते मी घेतलं नाही. पिकअपवाल्या मुलाला शर्ट द्यायच्या आधी टॅगचा आणि मगरीच्या पाठीचा परत एकदा फोटो काढला, कारण चुकीची वस्तू परत केली म्हणून पैसे अडकवल्याचं ऑफिसात ऐकलं होतं.

दादाला शेवटी वहिनीने आणि मी पैसे घालून शोरूममधूनच घेतला, सेलची वाट बघून, वाढदिवस उलटून गेल्यावर. आईने तोही आधी उलटा केलाच. आणि परवा सहज त्या अॅपवर शोधलं तर तेच फोटो, तोच हँगर, विक्रेत्याचं नाव तेवढं नवीन, आणि भाव आता १,९९९.